गादीच्या चड्डीखाली

पहाटेपासून मक्याच्या रानावर धुकं बसलेलं, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. व्हर्लिन रूलोफ्स डुकरांना खाद्य घालत होता, पण पाय फाकवून, एकेक पाऊल जपत.

"बदकासारखा काय चालतोस?" त्याची बायको आर्डिस दारातून म्हणाली. "पुन्हा सोलपटलं ना?"

"जरा अवघडलंय."

"चाळीस वर्षं बघतेय तुला. हे अवघडणं नव्हे."

आयोवा राज्य आडवं ओलांडणारी सात दिवसांची सायकलफेरी पाच दिवसांवर आली होती. गेल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी त्याच्या बुडाचे फोड फुटले, थकलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या गाडीत त्याला बसावं लागलं आणि मुलगी जोलीन एकटी पुढं गेली. ती शेत सोडून शहरात गेल्यापासून बापलेकीचं बोलणं हवापाण्यापलीकडं जात नव्हतं. सायकली शेजारी चालू लागल्या, की मगच दोघांच्या जिभा सुटायच्या. यंदा तिनं बजावलं होतं, "बाबा, हे शेवटचं. नाही जमलं तर पुढच्या वर्षापासून मी मैत्रिणींबरोबर जाईन."

दुपारी तो बेव्हच्या सायकलींच्या दुकानात गेला. बुडाशी गादी शिवलेल्या घट्ट चड्ड्या तिथं ओळीनं टांगलेल्या. त्याच्या जुन्या चड्डीची गादी दोन बोटं जाड होती. आता तीन बोटं जाडीची हवी होती. बाजारात डुकराची पाठ चाचपावी तसा तो गाद्या अंगठ्यानं दाबत राहिला.

"सोफा घ्यायला आलात का?" बेव्ह म्हणाली. "जाड गादी गोळा होते, घाम धरते. ही पातळ, घट्ट घ्या. आणि आत काय घालता?"

पलीकडं पाद्र्याची बायको टायर बघत होती. व्हर्लिन चर्चच्या कारभाऱ्यांपैकी. त्याचे कान लाल झाले. त्यांच्यात कमरेखालचं कुणी विचारत नाही, सांगत तर नाहीच.

"माणसं घालतात तेच."

"चड्डीवर चड्डी? अहो, तिच्या शिवणीच कापतायत तुम्हाला! आत काही घालायचं नसतं."

"काहीच?"

"देवानं दिलं तेवढंच."

पाद्र्याच्या बायकोनं टायरमागं तोंड लपवलं.

"आणि चिघळलं असेल तर?" त्यानं हळूच विचारलं.

बेव्हचं हसू गेलं. "तर दहा दिवस सीटवर बसू नका. चड्डी कुठलीही असो."

पातळ चड्डी घेऊन तो घरी आला. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच जोलीनला फोन लावला. चड्डीचं, शिवणींचं, जखमेचं, सगळं सांगितलं. इतकं तो तिच्याशी फोनवर कधीच बोलला नव्हता.

"गेल्या वर्षीही आत घातली होतीस?"

"गेल्या वर्षीही."

"मला विचारायचंस ना, बाबा."

"तुला कसं विचारणार?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दहा दिवस मोजले.

"शेवटचे दोन दिवस येतो," तो म्हणाला.

"तोवर कुणाला बोलायचा उत्साह उरत नाही. सगळे नुसते पायडल मारतात." मग ती म्हणाली, "बघू. फोन करते."

फोन ठेवून तो पिशवीकडं बघत राहिला.

"डुकरिणींच्या शेडमध्ये पाण्याचा नळ गळतोय," आर्डिस म्हणाली.

त्यानं पाना उचलला आणि पाय फाकवत शेडकडं निघाला.