आप्पांच्या पासपोर्टवरचा उलटा शिक्का

चहा घ्या, चिवडा घ्या, पण आमच्या घरी बसलात तर एक शब्द तोंडातून काढू नका: पासपोर्ट. चुकून काढलात तर आप्पा उठतील, कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणतील, आणि मग माझी काही सुटका नाही. आत्ता ते भाजी आणायला गेलेत, तेवढ्यात सांगून टाकते. माझी फजिती माझ्या तोंडून ऐकलेली बरी, नाही का?

आप्पा म्हणजे माझे वडील. इथेच मलकापुरात एका सरकारी कचेरीत शिपाई होते. तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलाशी उभं राहून शिक्के मारले. आलेल्या कागदावर ‘आवक’, गेलेल्या कागदावर ‘जावक’. एकही शिक्का कधी तिरपा गेला नाही म्हणे.

निवृत्त झाल्यावर या माणसाने पहिलं काम काय केलं असेल? पासपोर्ट काढला! कशाला, हे घरात कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मी नुकतीच एम. ए. झाले होते आणि जग सुधारायच्या गडबडीत होते.

मग आप्पांच्या जुन्या सोबत्यांनी थायलंडची ग्रुप टूर ठरवली. आप्पांनी घरी विषय काढला आणि मी सुरूच झाले.

“आप्पा, ग्रुप टूर म्हणजे काय, माहीत आहे? झेंडा घेतलेला एक माणूस पुढं आणि चाळीस जण मागं. त्यापेक्षा मेंढरं बरी!”

“झेंडा असला म्हंजे मानूस हारपत नाई ना, मने.”

“आणि सोबत आचारी! थायलंडात जाऊन सकाळी पोहे आणि रात्री पिठलं! मंग जाचं कायले?”

“पोहे तं लागतातच ना सकाळी,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मी कुणाला ऐकते होय? विमान म्हणजे आभाळात धूर. दुबई म्हणजे नुसती दुकानं. सिंगापूर म्हणजे नुसती चकचक. जहाजाची सहल म्हणजे समुद्रात तरंगणारं मंगल कार्यालय! एकेक देश मी असा खोडत गेले, जसा मास्तर वहीतलं चुकीचं उत्तर खोडतो. शेवटी आप्पांनी टूरमधलं नाव काढून घेतलं. मला वाटलं, पटलं त्यांना! हो, अशी मी हुशार.

मग मी माझा बेत मांडला. नेपाळ! आईला कधीची लुंबिनी पाहायची होती. मलकापुराहून भुसावळ, तिथून गाडीने गोरखपूर, पुढे बसने सीमा, आणि मग काय करायचं? सीमा चालत ओलांडायची! आपल्या पायांनी परदेशात!

आप्पांनी एकच प्रश्न विचारला. “तिथं कागदपत्र पाह्यतात का गं?”

“तीच तर गंमत आहे, आप्पा! पासपोर्ट नको, व्हिसा नको, शिक्का नको. ओळखपत्र खिशात ठेवायचं आणि चालायचं. साऱ्या जगात असं असायला पाहिजे!”

आप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, माझ्या विचारांनी भारावले. आता काय म्हणावं स्वतःला!

दोन दिवसांचा प्रवास करून सीमेवर पोचलो. आई शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पोटाशी धरून, मी कमानीचे फोटो काढण्यात दंग. मागे वळून पाहते तर आप्पा गायब!

शोधलं. तर ते एका खिडकीपुढच्या रांगेत उभे. पुढे एक उंचच उंच गोरं जोडपं, पाठीवर पोत्याएवढ्या पिशव्या, आणि त्यांच्या मागे आमचे आप्पा. पांढरा इस्त्रीचा सदरा. आदल्या स्टेशनवर दाढीही करून घेतलेली. हातात ती प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासपोर्ट.

“आप्पा, ही आपली लाईन नाही! चला!”

“थांब ना, नंबर येऊन राह्यला.”

नंबर आला. साहेबांनी एकदा बघितलं आणि हसून म्हणाले, “इंडियन? जाइए, जाइए. आपको ज़रूरत नहीं.”

आप्पांनी पासपोर्ट उघडून कोरं पान पुढे केलं. “साहब, एकच. छोटासा मारो. कोपरे में.”

“नियम नहीं है, बाबूजी.”

बस. नियम म्हटल्यावर आप्पांनी वाद घातला नाही. पासपोर्ट पिशवीत, पिशवी खिशात, आणि कमानीखालून मुकाट्याने परदेशात गेले. मी म्हणाले, “बघा आप्पा, कसं मोकळं वाटतं!” तेव्हा आईने मला कोपराने अशी ढुसणी दिली की डबा हातातून निसटता निसटता राहिला.

“मने, तुले कोनी शिकवलं गं?”

“काय झालं?”

“तीस वर्सं लोकायच्या कागदावर शिक्के मारले त्यानं. म्हने, एकदा आपल्या कागदावर दुसऱ्या देसाचा शिक्का पडला पायजे. त्याच्यासाठी तं काढला ना पासपोर्ट. तुले ठाऊक नव्हतं?”

मला ठाऊक नव्हतं. तुम्हीच सांगा, जगाच्या सीमा पुसायला निघालेल्या बाईला बापाच्या खिशातली पिशवी दिसू नये?

लुंबिनीत आई डोळे भरून सगळं पाहत होती. आप्पाही पाहत होते, हात जोडत होते, पण माझं लक्ष त्यांच्या खिशाकडे. काहीतरी केलंच पाहिजे! लगेच! आता थांबणं हे माझ्या स्वभावात असतं तर हा किस्सा घडलाच नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवाल्याने आमच्या पावतीवर शिक्का मारला. सुंदर जांभळा शिक्का. वर डोंगराचं चित्र, मध्ये लॉजचं नाव, खाली ‘तातो पानी उपलब्ध’, म्हणजे गरम पाण्याची सोय आहे. आप्पांनी पावती उजेडात धरली आणि हळूच म्हणाले, “शाई बेस आहे. पॅड ताजं असन.”

माझ्या डोक्यात वीज चमकली.

“पासपोर्ट द्या, आप्पा!”

लॉजवाला दचकला. “दीदी, पासपोर्ट पे नहीं मारते.”

आप्पाही दचकले. “बाई, शिक्का ज्याचा त्यानंच मारावा. भलत्या कागदावर भलता शिक्का, लय वाईट काम असते.”

“आप्पा, तुम्ही ना अगदी सरकारी मनाचे! शिक्का कोणाचा, याला काय महत्त्व आहे? आपण आलो होतो, ही त्याची खूण!”

असं म्हणून मी पिशवी ओढली, पान उघडलं, शिक्का पॅडवर दाबला आणि धाडकन मारला.

आप्पांनी मान वाकडी केली. मग आणखी वाकडी केली.

“उलटा मारला, मने.”

“काय?”

“दांडीवर खूण असते. ते आपल्याकडे ठेवा लागते.” आणि मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, “असू दे. चांगला आहे. डोंगर चांगला उठला.”

मलकापुरात परत आल्यावर आप्पांनी तो साऱ्या गल्लीला दाखवला. पासपोर्ट उलटा धरून! लिपी आपलीच, त्यामुळे चहाच्या टपरीवर एकाने मोठ्याने वाचलं, “तातो पानी. हा कोन्ता देस हाय, आप्पा?”

“नेपाळच्या अंगालेच आहे,” आप्पांनी ठोकून दिलं. खोटं न बोलणारा माणूस! माझ्यासाठी बोलला.

पुढच्या वर्षी माझ्या मनाने उचल खाल्ली. आप्पांच्या त्याच सोबत्यांनी पुन्हा टूर काढली, तेव्हा मी स्वतः जाऊन आप्पांचं नाव दिलं. झेंडा चालेल, आचारी चालेल, विमानही चालेल! फक्त शिक्का मिळू दे.

टूरवाल्याने पासपोर्ट चाळला आणि त्या पानावर थबकला. पुस्तक उलटं केलं. सुलटं केलं. “मॅडम, हे काय आहे?”

“ती… एक आठवण आहे.”

“या आठवणीवर यांना विमानतळावरूनच घरी पाठवतील. नवा पासपोर्ट काढा.”

म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फोटो, पुन्हा पोलीस घरी चौकशीला. पोलिसाला आईने चहा दिला, आणि तोही ‘तातो पानी’ वाचून हसत बसला. शेवटी पासपोर्टच्या कार्यालयात बोलावणं आलं. मी आप्पांसोबत खिडकीशी उभी. आतल्या साहेबांनी चष्मा वर केला.

“सरकारी पुस्तकावर हा शिक्का कुणी मारला?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! पण आप्पा आधी बोलले.

“म्या मारला, साहेब. तीस वर्सं तेच काम होतं. हाताले सवय राह्यली.”

“तीस वर्षं शिक्के मारले आणि उलटा मारलात?”

सांगते तुम्हाला, आप्पांची मान अशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. चोरीचा आळ घेतला असता त्यांनी हसत. पण उलट्या शिक्क्याचा? आणि तरी ते म्हणाले, “हाव साहेब. चुकला हात.”

मला तिथल्या तिथे रडू आलं. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याच्या काळजीने रडते आहे पोरगी. त्यांनी मायेने समज दिली आणि जुन्या पासपोर्टवर ‘रद्द’चा शिक्का मारला. आप्पा एकदम खिडकीत वाकले आणि माझ्या कानात कुजबुजले, “पाह्य, दांडीची खूण कशी आपल्याकडे धरली त्यानं. याले म्हंतात शिक्का.”

आप्पा थायलंडला जाऊन आले. रोज सकाळी पोहे खाल्ले. नव्या पासपोर्टात थायलंडचे दोन खरे शिक्के पडले, एक येतानाचा, एक जातानाचा. “आवक आणि जावक,” आप्पा म्हणाले, आणि दिवसभर तेच पान उघडून बसले.

आता दोन्ही पासपोर्ट त्या एकाच पिशवीत असतात. पाहुणे आले की नवा आधी दाखवतील असं तुम्हाला वाटेल. छे! आधी जुनाच निघतो. त्याचं ते पान उघडतात, पाहुण्याच्या हातात उलटं देतात आणि म्हणतात, “हा माह्या पोरीनं मारला.”

पाहुणा विचारतो, “पण उलटा काऊन?”

तेव्हा माझे आप्पा माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत सांगतात, “एम. ए. झाली ना ते. आनाडी असती तं सरळ मारला असता.”