बेल्जियमची वाट दाखवणारा

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आमच्या गल्लीत पुण्याचा एक इंजिनिअर राहतो. सायकलचे हातमोजेसुद्धा न काढता सोफ्यावर बसतो आणि सुरू होतो, "काकू, सिस्टीम ओळखता आली पाहिजे!" न विचारता सांगणार, आणि तेही दोनदा.

माझ्या भाचीचं इथलं परमिट संपत आलं होतं. कंपनी तिला स्पेनमध्ये राहून काम करू द्यायला तयार होती, फक्त तिथला लाँग-स्टे व्हिसा हवा होता. या इंजिनिअरलाही तोच हवा होता. म्हणाला, "इथल्या स्पॅनिश वकिलातीत अर्जासाठी तारीख मिळत नाही. सरळ बेल्जियममधून अर्ज कर. तिथे कोण विचारतंय?"

विचारलं की हो! बेल्जियममधल्या स्पॅनिश वकिलातीत खिडकीवरच्या बाईने हिचं परमिटचं कार्ड पाहिलं आणि सांगितलं, "नेदरलँड्समध्ये राहता ना, मग अर्जही तिथेच करा." पोर रडवेली होऊन परतली. तोवर इथल्या उरल्यासुरल्या तारखाही गेल्या.

रविवारी साहेब हजर. ऐकून निवांत म्हणाले, "म्हणजे चालत नाही तर. बरं झालं कळलं. मी इथलीच तारीख ठेवतो."

"दादा, तुम्हाला इथली तारीख मिळाली होती?" भाचीने विचारलं.

"अगं, मागेच घेऊन ठेवलीय. तिकडून लवकर होतंय का, तेवढं बघायचं होतं."

म्हणजे पाणी किती खोल ते बघायला याने आमची पोर पुढे ढकलली होती! वर म्हणतो, "आता जर्मनीतून करून बघ. आणि काय झालं ते मला कळव हं."

मी उठून दार उघडलं, आणि तो बाहेर पडेपर्यंत धरून उभी राहिले.