वाशीला नेलेल्या भाकरी

परत आल्यापासून सगळ्याजणी विचारतात, काय काय पाहिलंस? मला चार माणसांत बोलता येत नाही. तोंड उघडलं की घसा सुकतो. म्हणून पोरीच्या जुन्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

आमचं गाव धरणात जाणार. तिकडे वाशीच्या बाजूला नवं शहर वसवायला खाडीकाठच्या लोकांच्या जमिनी घेतल्या. त्यांनी परिषद भरवली आणि आम्हा धरणवाल्यांनाही बोलावलं. गाडीभाड्याची सोय नव्हती, पण कांद्याचा ट्रक वाशीच्या बाजाराला जाणार होता. पोत्यांवर बसून आम्ही संध्याकाळी निघालो. तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, गावच्या समितीचे प्रमुख, ते पुढे ड्रायव्हरजवळ. आम्ही बायका मधल्या पोत्यांवर. पारूबाई एकटी मागच्या फळीला टेकून.

पारूबाईची वस्ती ओढ्यापलीकडे. त्यांना जमीन नाही, पाणवठाही वेगळा. चौदा वर्षं ती माझ्याबरोबर आमच्या शेतात खुरपते. ट्रक सुरू झाला तशी ती मागूनच ओरडली, "वयनी, तुमाला वाचाय येतंय. ठरावात आमच्या वस्तीचं हाय का, तेवढं बघा. नवं गाव बसंल तवा आमाला बी गावातच जागा पायजे, पुन्हा पल्याड न्हाई."

"बघते," मी म्हटलं. बायकांत चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच.

उजाडताना खाडी दिसली. पाणी ओसरलेलं, नुसता काळा चिखल, त्यात पांढरे बगळे. मग एकदम इमारती. सगळ्यांचं तोंड सारखं, खिडक्या सारख्या. एखादा माणूस आपलं घर कसं ओळखत असेल, हाच विचार मी बराच वेळ करत होते. बाजारात ट्रक थांबला आणि मी उतरले ती थेट कुजक्या कांद्यांच्या चिखलात. एक चप्पल आतच राहिली. हमाल हसून म्हणाला, "मावशी, राहू दे. उद्या लिलावात निघंल." दिवसभर मी एका चपलेनं काय चालणार? दुसरीही पिशवीत टाकली आणि अनवाणी फिरले.

मंडपातलं पाणी लवकर संपलं. कळशी घेऊन मी समोरच्या इमारतीत गेले. खालच्या घरातल्या बाईंनी लगेच नळ सोडून दिला. मी विचारलं, "वरती कोण राहतं?"

"काय माहीत हो. सोसायटी नवीन आहे. कोकणातले आहेत म्हणतात. जिन्यात दिसतात कधीतरी."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय? टाकी एकच आहे ना सगळ्यांची."

एका टाकीचं पाणी पितात आणि नाव माहीत नाही! मला याचं इतकं नवल वाटलं की कळशी भरून वाहायला लागली तरी कळलं नाही.

मंडपात ठरावाचा कागद वाटला. मी बोट ठेवून वाचत गेले. चौथ्या कलमात होतं : भूमिहीनांच्या घरांची सोय वेगळ्या जागी करावी.

पदर सावरून मी तात्यांना कागद दाखवला. ते हळूच म्हणाले, "अगं शांते, आधी जमीन तर पदरात पडू दे. आत्ता हे उकरलंस तर चळवळीत फूट पडेल."

मी परत येऊन बसले. पारूबाईनं लगेच विचारलं, "हाय का आमचं?"

"आहे," मी म्हटलं. "भूमिहीनांचं आहे." आणि कागदाची घडी घातली. पुढचे शब्द मी वाचलेच नाहीत.

तिचा चेहरा केवढा उजळला.

दुपारी जेवण. आमच्या चळवळीचा रिवाज असा, की प्रत्येकीनं घरून आणलेल्या भाकरी एकाच धोतरावर ओतायच्या आणि त्या ढिगातून सगळ्यांनी घ्यायच्या. तात्या भाषणात हे नेहमी सांगतात. यजमान बायकांनी आपल्या तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी त्यातच टाकल्या आणि जवल्याचं (बारीक सुक्या कोलंबीचं) कालवण वाढलं. चव झणझणीत. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोनदा मागून घेतलं.

खाता खाता माझी नजर ढिगाकडे गेली. सगळ्यांचे हात एका कडेला थांबत होते, वळत होते. भाकरी थापणारीला दुसरीची भाकरी न सांगता कळते. पारूबाईची मोठी, पातळ, कडेला करपलेली. ढीग संपत आला आणि तिच्याच भाकरी तेवढ्या एकावर एक उरल्या. मी माझ्या हातातला तुकडा पाहिला. कड जाड, बोटांचे ठसे खोल. माझीच भाकरी होती. मी ती कधी निवडली, मलाही कळलं नव्हतं.

पारूबाई येऊन आपल्या भाकरी फडक्यात बांधू लागली. तेवढ्यात खाडीकाठच्या दिवाळे गावची जनीबाय, मासळी विकणारी, कालवणाचा टोप घेऊन आली. तिनं फडक्यातली एक उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली.

"कवरी पातल थापतंस गो! बांधतंस कनाला? मना दे आनखी."

पारूबाई हसली. जनीबाय माझ्याजवळ बसून म्हणाली, "आमच्यान पन असाच हाय. शेतवाले पुरं बसतान, आमी कोली मागं. खाडी गेली त्याचा कागद कोन देनार आमाला? फलकावर मात्र समदे एक." मग टोप उचलून म्हणाली, "चल, भांडी घासाला पन आमीच."

दुपारनंतर ठराव वाचले. माईकची घरघर इतकी, की मागे बसलेल्या बायकांपर्यंत शब्द पोचेनात. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा!" पारूबाईनं दोन्ही हात वर केले. मी माझा हात मांडीवरून उचललाच नाही. उठून बोलले असं मात्र नाही. तात्यांनी वळून पाहिलं, मी मान खाली घातली.

परतीला ट्रक रिकामा होता. या वेळी मी मागच्या फळीशी जाऊन बसले. पारूबाईनं विचारलं, "वयनी, तुमचा हात का न्हाई?"

तेव्हा मी कागद उघडला आणि चौथं कलम पूर्ण वाचून दाखवलं.

तिनं तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाली, "मी दोनी हात वर केलं वो. तवाच सांगायचं व्हतं."

"हो," मी म्हटलं.

पनवेल मागे पडल्यावर तिनं फडकं सोडलं. एक भाकरी स्वतः घेतली. दुसरी माझ्यापुढे केली नाही, फडकं मात्र उघडंच ठेवलं. मी हात घालून घेतली. करपलेली कड खमंग लागत होती. चौदा वर्षं एका बांधावर बसून जेवलो आणि तिच्या हाताची चव मला माहीत नव्हती.

उद्या पारावर ठरावाचा कागद वाचायचा आहे. गावानं मान्य केला की तो तालुक्याला जाणार. बायकांना वाचून दाखवायचं काम माझं. तात्या वर बसतील, वस्तीची माणसं पाराखाली चिंचेजवळ. पारूबाई येणार का, तिनं सांगितलं नाही. चौथ्या कलमापाशी मी थांबणार आहे. तिथं एवढंच बोलायचंय. घसा सुकला तर वाचता यावं म्हणून इथे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते :

आपला ओढा पाण्याखाली जाणार आहे. नव्या गावात तो आपण पुन्हा खणायचा का?