दाबून धरायचं बोट

जुळारीकाकांचं उभं आयुष्य छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं, आणि त्या खिळ्यांनी जाता जाता त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट नेलं. म्हणजे बोट जागेवर होतं, पण पार बधिर. ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून काकांचा रोज आटापिटा चालायचा. कारण कॉम्प्युटर आणला तेव्हा मालकांनी सरळच सांगितलं होतं, "शिका, नाहीतर घरी बसा."

"जन्मभर इथले उंदीर हाकलले, आता एक हातात धरून बसायचं," असं कुरकुरत काका शिकलेही. टायपिंग जमलं. घोडं अडलं ते ओढण्यापाशी. तयार प्रकरणाचं चित्र माउसने पकडायचं, बटण दाबून धरायचं, पडद्यावरून ओढत न्यायचं आणि फ्लॉपीच्या चित्रावर सोडायचं. बोट दाबलेलं आहे की सुटलंय हेच काकांना कळायचं नाही. प्रकरण वाटेतच निसटायचं आणि खाली जे असेल त्यात पडायचं. मग कुणी बघत नाही ना हे पाहून काका डाव्या हाताने उजवं बोट दाबून धरायचे. संध्याकाळी खांदे भरून आलेले असायचे.

त्या दिवशी छापायला आलेल्या एका डॉक्टरांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण फ्लॉपीत सापडेना. डॉक्टर बाहेर बाकावर ताटकळत होते. मालकांचा पारा चढला.

"मशीनच अडकलंय. बंद करून परत लावतो."

"थांबा!" काका ओरडले. पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली भरलेली त्यांना दिसली होती, आणि मशीन बंद केलं की ती आपोआप रिकामी व्हायची.

काकांनी टोपली उघडली. प्रकरण आत होतं. मालक पाठीशीच उभे, लपवायची सोय नव्हती. काकांनी डावा हात उजव्या बोटावर ठेवला, प्रकरण बाहेर ओढून काढलं आणि फ्लॉपीवर नेऊन सोडलं.

"काका, हे दोन हातांनी कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर बसू दिलं असतंत इथं?"

मालक फ्लॉपी घेऊन निघाले, दारात थांबले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उद्या सावकाश या, काका. घाई नाही."

इतक्या वर्षांत मालकांनी त्यांना सावकाश यायला कधी सांगितलं नव्हतं. काका काय ते समजले: आता घरी बसायचं. वाईट वाटलं, फार वाटलं. पण दोन्ही हात मांडीवर टाकून ते तसेच बसून राहिले. आपण किती दमलो होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं.