बिराप्पा तोंड बघतो

लोहाऱ्याच्या बाजारात मेंढरू घ्यायचं असलं की लोक आधी बिराप्पाला शोधतात. विकणारा म्हणणार, "तरणं हाय, आबा." बिराप्पा खाली वाकणार. मेंढराची मान गुडघ्यात धरणार, अंगठ्यानं खालचा ओठ दाबणार आणि सोडून देणार. "कानशीनं दात घासल्यात. म्हातारं हाय." मोडला सौदा. मेंढराला वर पुढचे दात नसतातच, त्यामुळं सत्तर वर्षांच्या या माणसाचा सगळा भरवसा खालच्या जबड्यावर.

त्याची नात अक्षदा लोहाऱ्यातच मेडिकलवर कामाला. तिला बघायला ईट गावचा समर्थ आला, मामाला घेऊन. भूमच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये सेल्समन, वय अठ्ठावीस. पोहे झाले, चहा झाला. अक्षदाचा बाप भागवत खुशीत होता. बिराप्पा मात्र खांबाला टेकून एकटक बघत होता.

पोराचे वरचे दात एकसारखे, पांढरे, नव्या कपबशीसारखे. हसताना खालचा ओठ मात्र हलत नव्हता. पेरूची फोड पुढं केली तर ती त्यानं बोटांनी मोडली आणि तुकडा दाढेखाली सरकवला.

"लाजतोय," भागवत कानाशी लागला.

"लाजत न्हाय, जपतोय," बिराप्पा म्हणाला. मग मोठ्यानं, "पावणं, जरा आ करा."

समर्थनं ओठ घट्ट मिटले.

"कशाला?" मामा म्हणाला.

"वय बघतो."

"अहो, जावई बघाय बसलाव का बोकड?"

"बोकडाचं लपवत न्हाईत एवढं!"

मामानं टोपी उचलली. पाचच मिनिटांत पाहुण्यांची जीप वळणापार झाली.

त्या दिवसापासून भागवत बापाशी बोलेना. अक्षदा बोलली. "आबा, आधार कार्डावर अठ्ठावीसच हाय. मी बघितलंय."

"आधार माणूस करतोय. दात देव देतोय. चाळिशीचा बाप्या हाय त्यो. घासून आणल्यात."

"आणि नसला तर? सगळ्या भावकीत झालंय, बिराप्पाच्या घरी पोराचं तोंड उघडून बघत्यात. आता कोण येणार माझ्या दारात?"

बिराप्पा काठी घेऊन मेंढरांकडं निघून गेला. संशय मात्र होता तसाच.

चौथ्या दिवशी समर्थ एकटाच आला. मोटारसायकल मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीजवळ लावली आणि मेंढरांत बसलेल्या बिराप्पापुढं उकिडवा बसला. अक्षदा न्याहारी घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

"बघा, आबा," म्हणत त्यानं तोंड उघडलं.

बिराप्पानं धोतराला हात पुसला, हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ दाबला. खालचे दात तपकिरी, डागाडागांचे. वर दुधासारखे पांढरे, खाली असे.

"हे कसं रं?"

"आमच्या वस्तीवर बोअरचं पाणी. ल्हानपणापासनं त्येच पिलो. त्यानं समद्यांचे दात असंच. शोरूमला गिऱ्हाइकापुढं तोंड उघडायची लाज वाटायची. धाराशिवच्या डॉक्टरनं वरच्या दातांवर पातळ कवचं चिकटवली. व्हिनिअर म्हणत्यात."

"म्हंजी आधी घासले?"

"थोडे."

"परत उगवत्यात?"

"न्हाय. घासलं ते गेलं. धा-पंधरा वर्सांनी कवचं बदलावी लागत्यात."

"चांगलं जितं दात, आन् सोताच्या हातानं कानस लावून घेतली!" बिराप्पा पुन्हा वाकला. खालच्या कडा निरखल्या, किती झिजल्यात ते बघितलं. बराच वेळ. मग हनुवटी सोडली. "अठ्ठावीस. लई तर तीस." आवाज पडला होता.

"म्या सांगितलं होतं तेवढंच."

"मग बैठकीत का न्हाय सांगितलं? झाकलं का?"

"आधी दोन पोरींनी दात बघून न्हाय म्हटलं. मामा म्हणला, पदरात पडूस्तवर गप बस."

"बघ!" बिराप्पाला पुन्हा जोर आला. तो अक्षदाकडं वळला. "वय खरं असंल, पर झाकणारी माणसं हैत ही. आज दात झाकले, उद्या काय झाकतील?"

अक्षदानं न्याहारीचं गाठोडं खाली ठेवलं. नाकावरचा चष्मा बोटानं वर सारला.

"आबा, त्या दिवशी हा चष्मा कुठं होता?"

बिराप्पा मेंढरांकडं बघायला लागला.

"उशीखाली," तीच म्हणाली. "ठेव म्हणून कोण म्हणलं होतं?"

"... म्याच. पोरगी चष्म्याची म्हणून माघारी गेले असते तर?"

"नंबर केवढा?" समर्थनं विचारलं.

"साडेचार."

"मग त्या दिवशी मी दिसलो का तुम्हाला?"

"पुसट. शर्ट निळा होता, एवढं कळलं."

"आन् आता?"

ती नीट बघत राहिली. "आता खालचे दात दिसत्यात."

समर्थनं ओठ मिटायला घेतले आणि अर्ध्यातच सोडून दिले.

बिराप्पा काठी टेकून उठला. "वय बरोबर हाय म्हणून भागवतला सांगतो," तो म्हणाला. "बाकीचं मला कळत न्हाय. तुमचं तुमी इचारून घ्या." आणि एकाही मेंढराला हात न लावता तो घराकडं चालायला लागला.