उकिरड्याची आई

तेनेंगची पोरं जगत नव्हती. एक बाळसं धरायच्या आत गेलं, एक रांगता रांगता. तिसरं पुरून आलो त्या संध्याकाळी आम्ही कान्येलेंग बायकांनी तिला आपल्यात ओढली. जिची कूस रिकामी नाहीतर पोळलेली, ती कान्येलेंग. फाटकं नेसायचं, गळ्यात डब्यांची झाकणं बांधायची, पुरुषाची टोपी उलटी घालायची, अचकटविचकट बोलायचं, भुईवर सांडलेलं खायचं. देवाला हसू आलं की तो ओटीत टाकतो.

तेनेंगनं त्याला असा हसवला की लगेच पोटुशी राहिली. पोरगा झाला तसा तिनं तो उकिरड्यावर ठेवला. मी उचलला आणि ओरडले, "घाण सापडलीय गं, कुणाला हवी का?"

"नको!" साऱ्याजणी म्हणाल्या.

नाव पडलं उकिरडा. असला माल मरण तरी कशाला नेईल? देम्बो हे नाव शाळेतलं.

देम्बो शिकून राजधानीत गेला, आणि पुरोगामी पक्षानं त्याला आमच्याच भागातून उभा केला. हा पक्ष आमचा. भातखाचरं राबणाऱ्या बाईच्या नावावर व्हावीत, असं दुसरं कोण बोललं होतं? त्यांच्या सभांत नाचून नाचून आमच्या टाचा फुटल्या होत्या.

सभेला सावरीच्या झाडाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. भाट गायला लागला, "सिंह आला! गावाचं सोनं आलं! असा लेक कुठल्या माउलीनं जन्माला घातला नाही!" माणसं टाळ्या पिटत होती. माझ्या शेजारी बसलेल्या तेनेंगनं माझा दंड आवळला.

"ऐकतीयेस ना? मरणालाही कान असतात गं."

उठली आणि घरी गेली. आली ती चिंध्या नेसून, झाकणं वाजवत, हातात भाताचं पातेलं घेऊन. कित्येक वर्षांत तिनं ते सोंग काढलं नव्हतं.

पक्षाचा अध्यक्ष धावला. "आजी, आज नको. राजधानीची माणसं आलीत."

"गप रे बोकडाच्या दाढीच्या! तुझं बारसं जेवलीय मी." मग ती लोकांकडे वळली. "हे सोनं? उकिरड्यावरनं आणलंय ह्याला. कुणी परत घेतंय का? अजून शेंबूड पुसता येत नाही, म्हणे सिंह!"

लोक खदाखदा हसले. व्यासपीठावरचे पाहुणे मात्र माना खाली घालून बसले. तेनेंगनं शेंगदाण्याच्या कालवणाचा भात भुईवर ओतला.

"खा. कुणाचा आहेस ते दाखव."

देम्बोच्या अंगात पांढरा, खळ घातलेला झगा होता. अध्यक्ष पुटपुटला, "गेली ही जागा." देम्बो आईकडे बघत राहिला. मग पायऱ्या उतरला, गुडघे टेकले आणि मातीसकट घास उचलून तोंडात घातला. चावला. गिळला.

"आये," तो म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

बायकांनी जी आरोळी दिली, ती अजून माझ्या अंगावर काटा आणते. तेनेंग त्याच्यासमोर भुईवर बसली. ती हसली नाही, रडली नाही, नुसती त्याचं हलणारं तोंड बघत होती, जसं आई पहिल्यांदा पिणाऱ्या बाळाचं बघते.

आमच्याकडं मत म्हणजे गोटी, आपल्या पक्षाच्या रंगाच्या पिंपात टाकायची, पडली की आतली घंटा वाजते. मतदानाला ती रांगेत मोठ्यानं ओरडत होती, "माझी गोटी तपकिरी पिंपात, दुसऱ्या पक्षाला! आईलाच नकोय हा!" सांगत होती आम्हाला, बघत होती आभाळाकडे. आत गेली. पिंपातली घंटा वाजली.

बाहेर आल्यावर मी कानाशी लागले, "खरंच त्यांना दिलीस?"

"मग? आपल्याला देऊन पोराला मारू का?"

देम्बो निवडून आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवत गावात आणला. तेनेंग उकिरड्यापाशी उभी होती. तिला बघताच तो आपणहून खाली उतरला, चालत गेला आणि टरफलांच्या ढिगावर जाऊन बसला. माझ्याकडे बघू लागला.

मी पुढं झाले. एवढा बाप्या माझ्यानं कुठला उचलतोय! दंडाला धरलं आणि ओरडले, "घाण सापडलीय गं, कुणाला हवी का?"

आणि ज्यानं त्यालाच निवडून दिला होता, तो सगळा गाव, बाया, बाप्ये, तो भाट, बोकडाच्या दाढीचा अध्यक्षसुद्धा, एका आवाजात गरजला,

"नको!"