आक्काच्या चित्रावरची लाल पेन्सिल

बेळगावात, भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी, मी माझ्या एम.ए.च्या परीक्षकांच्या हातातून कागद हिसकावून घेतला होता. तोही व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, चालू असताना! गोष्ट ऐंशीच्या दशकातली, पण परवा भाचीनं फोन करून "मावशी, मी आर्ट थेरपीचा कोर्स करतेय" असं सांगितलं आणि तो राग जसाच्या तसा वर आला...

तिच्या कोर्सला सिलॅबस आहे, गाईड आहे, सर्टिफिकेट आहे. आमच्या वेळी इकडे हा शब्दसुद्धा कुणी ऐकला नव्हता. मी ड्रॉइंग टीचरचा डिप्लोमा करून मग मानसशास्त्राकडे वळलेली. लायब्ररीतल्या एका जाडजूड परदेशी पुस्तकात वाचलं की जे बोलता येत नाही ते माणसं चित्रात काढतात... झालं, डोक्यात किडा शिरला.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, म्हणायचे, "येड्यास्नी चित्रं शिकवायला एम.ए. कशाला पायजे गं?" अहो, शिकवायची नसतातच, हेच तर मी सगळ्यांना सांगून दमले होते! विभागातल्या सरांनी मात्र "कर, पण निस्तरायचं तुझं तू" म्हणत प्रबंधाला परवानगी दिली.

बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात मी खडू आणि कागद घेऊन जाऊ लागले. माझा नियम एकच... चित्र ज्याचं त्याचं. त्याला कुणी हसणार नाही, त्यात कुणी दुरुस्ती करणार नाही. हा शब्द मी तिथल्या प्रत्येकाला दिला होता.

तिथं निपाणीची एक बाई होती, सगळे तिला आक्का म्हणायचे. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी. शाळेत जाणारी एकुलती एक लेक तापात गेली आणि आक्कानं बोलणं सोडलं, मग जेवणही सोडलं. शेवटी भावानं आणून भरती केलं.

कित्येक आठवडे ती नुसता खडू हातात धरून बसायची. मग एके दिवशी तिनं काड्यापेटीएवढं घर काढलं, आणि शेजारी लेक. कागदाच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, दोन वेण्या, लांबच लांब रिबनी. "माझी शेवंता," एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आता व्हायव्हाकडे येते. प्रबंध मनाच्या आजारावरचा, पण आत चित्रं दिसली म्हणून ऑफिसनं बाहेरचा परीक्षक कोण बोलवावा? चित्रकलेचे ज्येष्ठ मास्तर! पोट दुखतंय म्हणून आचाऱ्याला बोलावण्यातला प्रकार.

मास्तरांची हयात ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांचे पेपर तपासण्यात गेलेली. माझं लिखाण त्यांनी उघडलंसुद्धा नाही, सरळ चित्रांचा गठ्ठा ओढला. शेडिंग नाही, पर्स्पेक्टिव्ह नाही, इतक्या महिन्यांत पेशंटची काही म्हणजे काही प्रगती नाही... असा सपाटा सुरू झाला. मी समजावू लागले तर हातानंच गप्प केलं. आमच्या विभागातले सर पंख्याकडे बघत बसलेले.

मग आक्काचं चित्र आलं. "ही मुलगी या घराच्या दारातून आत जाईल का?" असं म्हणत त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. मला कळायच्या आत शेवंताभोवती लाल गोल केला, दाराशी बेताच्या उंचीची दुसरी मुलगी काढली आणि खाली शेरा मारला, 'प्रमाण पाहा'. मूळ चित्रावर!

तेव्हाच मी कागद हिसकावला. "तिची मुलगी गेलीय. तिला ती एवढीच मोठी दिसते," असं काहीतरी ओरडले. निकाल काय लागायचा तो लागला... काठावर पास.

पण खरी भीती पुढंच होती. चित्र परत द्यायचं कबूल केलेलं, आणि माझा शब्द तर लाल पेन्सिलीखाली गेलेला. आक्का पुन्हा मिटली तर? वॉर्डात जाताना लाजेनं मी तो कागद उलटा करून छातीशी धरला होता.

आक्कानं कागद मांडीवर घेतला. लाल रेघेवरून हळूहळू बोट फिरवलं.

"मास्तरनं तपासलं व्हय, बाई?"

मी मान हलवली.

"शेवंता दप्तरातनं काढून दावायची असं लाल लाल. माझं कवाच कुणी तपासलं न्हाय." मग त्या दारातल्या मुलीवर बोट ठेवलं. "ही बारकी त्यांची. ऱ्हाऊ दे. माझी ही थोरली." आणि एकदम माझ्याकडे बघून विचारलं, "पास का नापास?"

"पास, आक्का."

आक्का हसली. हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

मास्तरांवरचा राग अजून आहे, जाणारही नाही. पण त्या दिवशी त्याहून मोठा राग मनात शिरला. पोरवयात पाटीऐवजी वखार मिळालेली ही बाई... तिला आयुष्यातला पहिला लाल शेरा मिळाला तो मनोरुग्णांच्या वॉर्डात, माझ्या परीक्षेत, तेही चुकून! याचा राग कुणाकुणावर काढायचा?

भाचीला एवढंच सांगितलं. कुणाच्याही चित्राला हात लावू नकोस, लावू देऊ नकोस. आणि कुणी पास का नापास विचारलं, तर उत्तर द्यायला उशीर करू नकोस.

(नावं बदलली आहेत. आक्का, आज माझ्याकडं जे काही आहे ते तुझ्यामुळं.)